मदत हवी आहे: बंदूक दुरुस्तीच्या दुकानाला स्वस्तातला लेथ (धातू फिरवत कातायचं यंत्र) कुठला घ्यावा?

नमस्कार मंडळी, खानापूरकडं आमचं लायसनवालं बंदूक दुरुस्तीचं छोटं दुकान हाय, वडलांच्या वेळचं. गिऱ्हाईक बहुतेक शेतकरीच, रानडुकरांपासनं पीक राखायला लायसन घेतलेले. आत्तापर्यंत स्क्रू, पिना सगळं बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांतनं करून आणायचो, पण पाव इंचाच्या एका स्क्रूसाठी अख्खा दिवस जातोय ओ, आणि वर ऐकून घ्यायचं की एवढंसं काम कोण करणार!

बजेट दीड लाख. एकजण म्हणतोय राजकोटचा नवा साडेचार फुटी घे, दुसरा म्हणतोय जुना एचएमटी कंपनीचा बघ, बेड (ज्यावर हत्यार सरकतं तो लेथचा पाया) घासलेला नसला तर नव्याला भारी पडतोय. मला जुनाच पटतोय, पण बेड चक्कजवळच (काम धरून फिरवतो तो भाग) जास्त घासलेला असतोय म्हणे, ते डायल (बारीक फरक दाखवणारं मापाचं घड्याळ) लावून नेमकं कसं तपासायचं? स्पिंडलचं (चक्क फिरवणाऱ्या दांड्याचं) भोक ४० मिमी तरी पाहिजे, बंदुकीची नळी आरपार जाऊन दोन्हीकडनं धरता आली पाहिजे, चार जबड्यांचा चक्क तर हवाच. दुकानात सिंगल फेजच हाय, मग २ एचपीची थ्री फेज मोटर व्हीएफडीवर (सिंगल फेजवरनं थ्री फेज देणारा, स्पीड कमीजास्त करणारा डबा) चालवलेलं कुणी हाय का? बारीक आटे पाडताना कमी स्पीडला दम सोडती का?