मदत हवी आहे : पंचगंगेच्या पाण्यावरील प्रकल्पासाठी मार्गदर्शन

सप्रेम नमस्कार. मी कोल्हापुरात पर्यावरणशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला शिकते. प्रवेश घेतला तेव्हा पर्यावरण म्हणजे वृक्षारोपण एवढीच माझी समज होती. आता पंचगंगा घाटावर उभी राहिले की शहराचे सांडपाणी आणणाऱ्या जयंती नाल्याचे पाणी नदीत मिसळल्यावर खाली राजाराम बंधाऱ्यापर्यंत विरघळलेल्या ऑक्सिजनचे काय होत असेल, हाच विचार आधी मनात येतो. हा ऑक्सिजन मोजण्यासाठी नमुन्याच्या बाटलीत मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घातल्यावर तळाशी बसणारा तपकिरी साका पहिल्यांदा पाहिला, तेव्हापासून हा विषय मला मनापासून आपला वाटू लागला.

प्रकल्पासाठी प्रयाग चिखली ते राजाराम बंधारा या पट्ट्यातील पाण्याची बीओडी (पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो, त्याचे माप) मोजायची आहे. आमच्या प्रयोगशाळेत ही चाचणी २७ अंश सेल्सिअसला ३ दिवस ठेवून करतात, तर मला मिळालेल्या काही जुन्या नोंदी २० अंशांना ५ दिवसांच्या आहेत. या दोन्हींची थेट तुलना करणे कितपत योग्य ठरेल? तसेच नाला जिथे नदीला मिळतो, त्याच्या खाली पाणी पूर्ण मिसळले आहे हे कसे ओळखावे आणि नमुना काठावरून घ्यावा की मध्यप्रवाहातून? नदीवर प्रत्यक्ष काम केलेल्या जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे. पाऊस सुरू होण्यापूर्वी नमुने घेणे आवश्यक आहे.