जुनी जिप्सी: आधी उंची वाढवायची की आधी सील-बुश बदलायचे?

सह्यकडा (पुणे)

माझं मत आधीच मांडतो, मग हवं तेवढं भांडा. जुनी फोर बाय फोर हातात आली की पहिली दोन वर्षं तिच्यात एकही मॉडिफिकेशन करू नये. लिफ्ट किट (गाडी उंच करणारे भाग) आणि मोठ्या टायरसाठी बाजूला काढलेले पैसे सगळेच्या सगळे गाडीच्या खालच्या अंगाच्या दुरुस्तीला घालावेत.

माझी मारुतीची जिप्सी किंग 1998 ची, कार्ब्युरेटरवाली. आधीच्या मालकाने लांब शॅकल (स्प्रिंगचे पाटे चेसीला जोडणाऱ्या पट्ट्या) आणि 31 इंची टायर टाकलेलेच होते. गेल्या श्रावणात वेल्ह्याच्या पुढे एक ओढा ओलांडला, पाणी जेमतेम हबपर्यंत. पाच-सहा दिवसांनी मागच्या डिफचा (डिफरन्शियल, ॲक्सलच्या मधली गिअरची पेटी) ड्रेन बोल्ट सैल केला तर तेलाच्या जागी दुधाचा चहा आला. अगदी तसाच रंग, वर फेस. डिफच्या ब्रीदरचं (हवा आत-बाहेर होण्याच्या तोंडाचं) टोपण मातीने बुजलं होतं. चालून चालून गरम झालेला डिफ थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते. ब्रीदर बंद असेल तर ती हवा सीलच्या कडेने पाणी आत ओढते. उपाय काय, तर दीडशे-दोनशे रुपयांची रबरी नळी ब्रीदरला जोडून टेललॅम्पच्या उंचीपर्यंत वर न्यायची. टायरवर लाखभर घालणाऱ्या माणसाने ती जोडली नव्हती.

मग पुढचं चाक जॅकवर घेतलं, वर-खाली धरून हलवलं. खेळ होता. मुलाला ब्रेक दाबायला लावला, तरी खेळ तसाच, म्हणजे व्हील बेअरिंग नव्हे, किंगपिन बेअरिंग (ज्यावर पुढचं चाक डावी-उजवीकडे वळतं ते). नकल, म्हणजे तो वळणारा सांधा, उघडलं तर आतल्या ग्रीसची पेज झालेली. आणि ही गाडी मी घाटातून उतरवत होतो.

शॅकलचं म्हणाल तर दोन इंच लांब शॅकल लावल्यावर गाडी एकच इंच उचलली जाते. वर पुढच्या ॲक्सलचा कॅस्टर (चाक वळण्याच्या आसाचा कल) बिघडतो, स्टेअरिंग सरळ धरत नाही. माझी साठ-सत्तरच्या वेगात खड्डा लागला की थरथरायची. इतकं करून डिफ जमिनीपासून केसभरही वर जात नाही, कारण तो ॲक्सलवर असतो आणि ॲक्सल जागच्या जागी. डिफ वर जातो तो फक्त टायरने.

जांभाकातळ (दापोली)

दादा, तुमचं म्हणणं वाचलं आणि ते मला अजिबात पटलेलं नाही. तुमच्या गाडीवर वाईट काम झालं होतं, त्याचं खापर मॉडिफिकेशनवर कशाला?

आमच्या बागेकडे जाणारी वाट येऊन बघा. ट्रॅक्टर आणि ट्रॉली जाऊन जाऊन दोन चाकोऱ्या खोल गेल्यात आणि मध्ये जांभ्याचा उंचवटा राहिलाय. मूळ 205/70 च्या टायरवर जिप्सी त्या उंचवट्यावर पोट टेकून बसते. चारही चाकं जागेवर फिरतात. मग माणूस काय करतो? मागे घेतो आणि जोरात हाणतो. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारी पेटी) हिच्या खालचा पत्रा आपटतो, क्लच जळतो, मागचा डिफ दगडावर आदळतो. दोन पावसाळे असे काढले मी. मे महिन्यात सगळं नवीन करून घ्यायचो आणि ऑगस्टपर्यंत पुन्हा तेच.

शेवटी पाटे नवीन करून घेतले, दीड इंच जास्त कमानीचे, बरोबर त्या लांबीचे शॉकॲब्सॉर्बर आणि 235/75 चे टायर. तेव्हापासून त्याच वाटेने फोर-लोमध्ये (चारही चाकांना ताकद, वेग कमी) दुसऱ्या गिअरवर सावकाश जातो. काही आपटत नाही म्हणून काही मोडत नाही. माझ्यासाठी ही देखभालच आहे. दोन वर्षं थांबलो असतो तर गाडी भंगारात गेली असती.

पाना_चौदा (कराड)

दोघांनाही थोडं थोडं.

जांभाकातळ, तुमची निवड शहाणपणाची आहे, पण तुम्ही 31 वर गेला नाहीत हे महत्त्वाचं. आकडे बघा. मूळ 205/70 आर 15 चा व्यास सुमारे 26.3 इंच. 235/75 चा 28.9. म्हणजे डिफ 3 सेंटिमीटरच्या आसपास वर जातो आणि स्पीडोमीटर दहा टक्के कमी दाखवतो, काटा 50 वर तेव्हा गाडी 55 ने चाललेली असते. हे गाडीला झेपतं. 31 इंची टायर मूळच्यापेक्षा अठरा टक्के मोठा. कार्ब्युरेटरवाल्या किंगचं इंजिन 60 हॉर्सपॉवरचं. डिफचं किंवा ट्रान्सफर केसचं रेशो (गिअरचं प्रमाण) न बदलता हा टायर लावला की घाटात तिसऱ्या गिअरवर ओढणारी गाडी दुसऱ्यावर येते, आणि जड चाक दगडात अडकून एकदम सुटलं की साइड शाफ्टला (डिफमधून चाक फिरवणाऱ्या दांड्याला) पीळ बसतो. ब्रेकही तेच जुने, पुढे डिस्क मागे ड्रम, त्यांना वाढलेलं वजन थांबवायचं असतं.

सह्यकडा, तुम्ही एक गोष्ट राहू दिलीत. जिप्सीची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी, मध्ये छोटा शाफ्ट, आणि केस चेसीला रबरी माउंटिंगवर टांगलेली. ही रबरं फाटली की चढावर केस हिसका खाते आणि फोर-लो निसटतो. लोक गिअर गेले समजून सगळं खोलायला लावतात. आधी टॉर्च घेऊन खाली झोपा आणि तीन रबरं बघा.

आरसी_आणि_विमा (ठाणे)

सगळे यंत्राबद्दल बोलताहेत, कायद्याबद्दल कोणीच नाही. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार आरसीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182अ आलं, त्यात अशा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणीला गाडी तपासली जाते ते वेगळंच.

जांभाकातळ (दापोली)

पासिंगच्या दिवशी मूळ टायर चढवून नेतात लोक, तुम्हालाही माहीत आहे. आणि माझी गाडी वर्षातले तीनशे दिवस बागेतच असते.

आरसी_आणि_विमा (ठाणे)

माहीत आहे, म्हणूनच लिहिलं. अपघात काही पासिंगच्या दिवशी होत नाही. समोरच्या दुचाकीवाल्याला लागलं आणि विमा कंपनीने गाडीत केलेल्या बदलांवर बोट ठेवलं, तर भरपाईचा बोजा तुमच्या अंगावर येऊ शकतो. त्या जखमी माणसाचा विचार करा, एवढंच म्हणतोय.

चिंबओली (सातारा)

मी सह्यकडांच्या विरोधात. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं. पाणी ओसरू लागल्यावर आम्ही तीन गाड्या पिण्याचं पाणी आणि चादरी घेऊन गेलो होतो. आत शिरता आलं ते स्नॉर्कल (इंजिनाला उंचावरून हवा देणारी नळी) लावलेल्या डिझेल गाडीला. मूळ अवस्थेतली दुसरी गाडी बाहेरच थांबवावी लागली. ज्याला अशा कामाला जायचंय त्याने दोन वर्षं कशाची वाट बघायची?

सह्यकडा (पुणे)

ताई, तुमच्या कामापुढे हात जोडतो. पण तुम्ही स्वतःच लिहिलंत, डिझेल. माझ्या पेट्रोल जिप्सीला डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना वीज वाटणारा भाग) आहे. त्याच्या टोपणाला तडा गेला असेल किंवा त्याचं रबर सुकलं असेल, तर स्नॉर्कल छपरापर्यंत नेलं तरी पंख्याने उडवलेल्या पाण्याने गाडी ओढ्याच्या मधोमध बंद पडते. म्हणजे पुन्हा आधी टोपण आणि वायरी, मग स्नॉर्कल.

चिंबओली (सातारा)

हे मान्य. मग अजून एक भर घाला तुमच्या यादीत: ओढायचा हुक. चिखलात रुतलेली गाडी काढताना पट्टा बंपरला बांधला होता, गंजलेल्या बोल्टसकट बंपरच सुटून आला. सुदैवाने मध्ये कोणी उभं नव्हतं. चेसीला नीट बोल्ट केलेला हुक पुढे-मागे असल्याशिवाय मी आता कोणाला आमच्याबरोबर घेत नाही. हे मॉडिफिकेशनच आहे आणि ते पहिल्या दिवशी करायचं असतं. तुमचा दोन वर्षांचा नियम इथे मोडतो.

बांधावरचा (मुळशी)

मी गाडीवाला नाही, शेतकरी आहे. तुमचे मोठे दातेरी टायर पावसात आमच्या पायवाटेवरून गेले की चाकोरी गुडघाभर होते, मग पुढच्याला त्याहून मोठे टायर लागतात. भाताचं पाणी त्या चाकोरीतून वाहून जातं. देखभाल, मॉडिफिकेशन काय ते करा, पण चिखलात जायच्या आधी गावात विचारत जा.

सह्यकडा (पुणे)

बांधावरचा, बरोबर आहे तुमचं, विचारूनच जाऊ.

चिंबओली, हुकाबाबत माझं चुकलं. कालच चेसीचा पुढचा तुकडा हातोडीने ठोकून पाहिला. डावीकडे टणक आवाज, उजवीकडे भद्द. तिथला पत्रा आतून सडलाय. आधी तो कापून नवीन तुकडा वेल्ड करतो, मगच हुक बसवतो, नाहीतर तुमच्या बंपरसारखाच सुटून येईल.

जांभाकातळ, 31 विकायला काढतोय आणि 235/75 बघतोय, तेवढं तुमचं घेतलं. लांब शॅकल मात्र उतरवलेत ते परत चढणार नाहीत. तुम्ही पाटे कोणत्या कमानीचे करून घेतलेत, किती पानांचे, मागचे-पुढचे सारखेच का, ते सविस्तर लिहा.

जांभाकातळ (दापोली)

लिहितो. पण लिहून कळायचं नाही. गणपतीनंतर या, माझ्या गाडीखाली झोपून बघा, आणि मग मूळ पाट्यांवरची तुमची गाडी त्या उंचवट्यावरून काढून दाखवा.