रस्ता आणि ट्रॅक दोन्हींसाठी एकच इंजिन ऑइल चालेल का? (पोलो जीटी टीएसआय)

चिंचवड_टीएसआय:

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय आहे. इंजिन १.२ लिटरचे टर्बो पेट्रोल असून त्यात कोणताही बदल केलेला नाही. आठवडाभर ही गाडी चिंचवड ते हिंजवडी या वाहतुकीत रखडते आणि अधूनमधून मी ती कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डेसाठी घेऊन जातो. जाणे-येणे रस्त्यानेच होते, म्हणजे एका बाजूने सुमारे १२०० किलोमीटर.

ऑइलच्या तापमानाचा वेगळा मीटर बसवून घेतला आहे. हायवेवर तो शंभरच्या आसपास स्थिर राहतो, परंतु ट्रॅकवर सलग पंधरा-वीस मिनिटे गाडी पळवल्यावर १३० अंशांच्या पुढे सरकू लागतो. मॅन्युअलमध्ये 'व्हीडब्ल्यू ५०२ ००' हे फोक्सवॅगनचे ऑइल मानक दिले आहे आणि सध्या त्याच मान्यतेचे ५डब्ल्यू-४० ऑइल भरलेले आहे (डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंड ऑइलच्या घट्टपणाचा, नंतरचा गरम ऑइलच्या). एक मित्र १०डब्ल्यू-६० भरण्याचा आग्रह धरतो. दुसऱ्याचे म्हणणे असे, की नव्या गाड्यांत ०डब्ल्यू-२० येते, तेव्हा पातळ ऑइलच चांगले. प्रत्येक ट्रॅक डेच्या आधी आणि नंतर ऑइल बदलणे खिशाला परवडणारे नाही. दोन्हीकडे चालेल असे एकच ऑइल निवडायचे झाल्यास कोणत्या निकषावर निवडावे?

सह्याद्री_रेसर:

१०डब्ल्यू-६० डोळे झाकून भरा. बीएमडब्ल्यूने एम३च्या इंजिनांना हेच ऑइल सांगितले होते, आणि त्या गाड्या ट्रॅकवर काय सोसतात हे सर्वांना ठाऊक आहे. ऑइल जितके घट्ट, तितके बेरिंग सुरक्षित.

वंगण_अभ्यासक:

वरील सल्ल्याशी मी सहमत नाही. बीएमडब्ल्यूने १०डब्ल्यू-६० सांगितले ते त्या विशिष्ट इंजिनांसाठी. ती मिनिटाला ८००० फेऱ्यांच्या आसपास जाणारी, टर्बो नसलेली इंजिने आहेत आणि त्यांचे ऑइल पंप, बेरिंगमधील फट व कूलर हे सारे त्या ऑइलसह एकत्र जुळवलेले आहे. पोलोच्या इंजिनाला तोच न्याय लावता येत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. डब्यावरचा ४० हा आकडा मुख्यतः ऑइल १०० अंशांवर किती घट्ट आहे हे सांगतो. एसएई या अभियंत्यांच्या संघटनेच्या तक्त्याप्रमाणे ४० ग्रेडचे ऑइल १०० अंशांवर १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक (घट्टपणाचे एकक) असावे लागते. आपल्या डब्यातील ऑइल १३.५ च्या आसपास आहे असे धरले, तर १३० अंशांवर ते साधारण साडेसातवर येते. २० ग्रेडची मर्यादा १०० अंशांवर ६.९ ते ९.३ आहे. याचा अर्थ असा, की करीवर मीटरचा काटा १३० दाखवतो तेव्हा आपल्या इंजिनात प्रत्यक्षात २० ग्रेडइतकेच पातळ ऑइल फिरत असते. म्हणून आपल्या दुसऱ्या मित्राचा सल्ला ट्रॅकवर धोक्याचा ठरतो: मुळातच ०डब्ल्यू-२० भरले असते, तर त्याच तापमानाला ते पाच सेंटिस्टोकच्या आसपास उतरले असते. नव्या इंजिनांना ते चालते, कारण ती त्यासाठीच घडवलेली आहेत, आणि तीही बहुतेक वेळ रस्त्यावरच्या तापमानात चालतात.

तरीही ग्रेडपेक्षा महत्त्वाचा आकडा दुसराच आहे, तो म्हणजे एचटीएचएस. १५० अंश तापमानात, बेरिंगमध्ये होते तशा जबरदस्त घर्षणाखाली ऑइलचा थर किती टिकतो, हे त्यावरून कळते. व्हीडब्ल्यू ५०२ ०० साठी हा आकडा किमान ३.५ असावा लागतो, तर नव्या ५०८ ०० मानकाला २.६ पुरतो. गंमत अशी, की एसीईए या युरोपीय वाहन उत्पादकांच्या संघटनेच्या सी३ वर्गातील ५डब्ल्यू-३० ऑइललाही किमान ३.५ चीच अट आहे, त्यामुळे केवळ ३० आणि ४० हे आकडे पाहून ऑइल निवडणारा माणूस हमखास फसतो. दुकानात डबा हातात घ्याल तेव्हा पुढची चकचकीत बाजू सोडून मागची बारीक अक्षरे वाचावीत. तिथे ५०२ ०० ची मान्यता स्पष्ट नमूद असावी. 'त्या मानकासाठी योग्य' अशी मोघम शब्दरचना असेल तर डबा परत ठेवावा. त्यानंतर त्या ऑइलची तांत्रिक माहिती उत्पादकाच्या संकेतस्थळावरून उतरवून एचटीएचएस आणि नोआक हे दोन आकडे तपासावेत. नोआक म्हणजे २५० अंशांवर तासाभरात ऑइलचा किती टक्के भाग उडून जातो ते प्रमाण. एसीईएच्याच ए३/बी४ वर्गाला १३ टक्क्यांपर्यंत सवलत आहे, परंतु ट्रॅकवर जाणाऱ्या टर्बो गाडीसाठी मी त्याहून बराच कमी आकडा असलेले ऑइल पसंत करीन.

राहिला १०डब्ल्यू-६०चा प्रश्न. ४० अंशांवर हे ऑइल ५डब्ल्यू-४०च्या जवळजवळ दुप्पट घट्ट असते. सकाळी गाडी सुरू करून लगेच चौकातल्या रांगेत अडकणाऱ्या माणसाला त्यातून काय मिळणार? इंजिन गरम होईपर्यंत पंपावर विनाकारण भार पडतो, इंधन जास्त लागते आणि मॅन्युअलबाहेरचे ऑइल म्हणून वॉरंटीचा वादही उभा राहू शकतो.

आणखी एक मुद्दा सहसा कोणी मांडत नाही. थेट इंधन फवारणीच्या टर्बो इंजिनाला कमी फेऱ्यांवर जास्त भार दिला, तर ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेट घेण्याचा धोका असतो, आणि ऑइलमधील कॅल्शियमचे प्रमाण त्याला हातभार लावते. हा धोका ट्रॅकवर नव्हे, तर रस्त्यावर जास्त आहे: खंबाटकी चढताना डीएसजी (स्वयंचलित गिअरबॉक्स) वरचा गिअर धरून ठेवतो आणि आपण पाय दाबतो, अशा वेळी. एपीआय या अमेरिकी संस्थेच्या, २०२० साली आलेल्या एसपी वर्गात याची चाचणी समाविष्ट आहे, म्हणून ५०२ ०० आणि एसपी हे दोन्ही ज्या डब्यावर आहेत तोच घ्यावा. निव्वळ शर्यतीसाठी बनवलेल्या ऑइलवर बहुधा यांपैकी काहीच नसते. त्यात इंजिन स्वच्छ ठेवणारी द्रव्येही कमी असतात, कारण शर्यतीनंतर ते काढून टाकायचेच असते.

सह्याद्री_रेसर:

आपले आकडे मान्य. पण ऑइलचा ग्रेड बदलणे हे थोतांड असते, तर फोर्डने मस्टँगच्या त्याच पाच लिटर व्ही८ कुळातील इंजिनाला साध्या जीटीमध्ये ५डब्ल्यू-२० आणि ट्रॅकसाठी घडवलेल्या बॉस ३०२ मध्ये ५डब्ल्यू-५० का सांगितले असते?

वंगण_अभ्यासक:

उदाहरण चपखल आहे, आणि घट्ट ऑइलला अर्थ नाही असे मी म्हटलेलेच नाही. परंतु तो निर्णय फोर्डने स्वतः चाचण्या घेऊन केला, आणि बॉसमध्ये ऑइलसोबत कूलरही दिला होता. शेवरलेचे उदाहरण त्याहून बोलके आहे. कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारला पूर्वी रस्त्यासाठी ५डब्ल्यू-३० आणि ट्रॅकसाठी १५डब्ल्यू-५० सांगितले जात असे. २०१९च्या मॉडेलपासून मात्र कंपनीने दोन्हींसाठी एकच ०डब्ल्यू-४० ठरवले. प्रश्नकर्त्याला हवे आहे ते नेमके हेच, दोन्हीकडे चालणारे ४० ग्रेडचे ऑइल, आणि त्यांच्या गाडीत ते आधीपासून आहे.

मिस्त्री_कोल्हापूर:

ऑइलच्या नावावर एवढी चर्चा झाली, पण लेव्हलबद्दल कोणी बोलले नाही. करीची वळणे जवळजवळ आहेत. लांबलचक वळणात ऑइल चेंबरच्या एका बाजूला चढते आणि लेव्हल कमी असेल तर पंप हवा ओढतो. मग डब्यात जगातले सर्वांत महाग ऑइल असले तरी बेरिंग कोरडेच राहणार. म्हणून गाडी सपाट जागेवर उभी करून, इंजिन बंद केल्यावर थोडा वेळ थांबून डिपस्टिक पाहावी आणि लेव्हल वरच्या खुणेला टेकलेली ठेवावी. खुणेच्या वर मात्र जाऊ नये, कारण क्रँक त्यात घुसळली की फेस होतो. प्रत्येक सत्रानंतर पुन्हा पाहावी; टर्बो गाडी ट्रॅकवर ऑइल खाते.

डिपस्टिक काढलीच आहे तर तिचा वासही घ्यावा. शहरात छोट्या फेऱ्या मारणाऱ्या या इंजिनांच्या ऑइलमध्ये पेट्रोल उतरते आणि कधी कधी ऑइल कमी होण्याऐवजी लेव्हल वाढलेली दिसते. पुष्कळ जण ती पाहून खूश होतात! प्रत्यक्षात ते ऑइल पातळ झालेले असते. लांबच्या प्रवासात त्यातले बरेचसे पेट्रोल उडून जाते, त्यामुळे पुण्याहून कोइंबतूरला गाडी चालवत नेणे त्या दृष्टीने फायद्याचेच आहे. ट्रेलरवरून गाडी नेणाऱ्यांनी निघण्यापूर्वीच ऑइल बदलावे.

१३० अंशांच्या पुढे काटा गेला की एक फेरी हळू मारून आत यावे, असा माझा नियम आहे. आत आल्यावर इंजिन लगेच बंद करू नये. टर्बोतले ऑइल जागच्या जागी करपते.

चिंचवड_टीएसआय:

सर्वांचे आभार. डबा तपासला: ५०२ ०० ची मान्यता आहे, परंतु एपीआय एसएन हा जुना वर्ग लिहिलेला आहे, एसपी नाही. पुढच्या वेळी तोच ग्रेड एसपीसह घेतो. एकच शंका उरते. सध्या मी वर्षाच्या सर्व्हिसलाच ऑइल बदलतो. ट्रॅकचा वापर पाहता ते किती लवकर बदलावे?

वंगण_अभ्यासक:

किलोमीटरच्या ठोकळ आकड्यापेक्षा एकदा नमुना तपासून घ्यावा. ट्रॅक डेनंतर ऑइल गरम असतानाच चेंबरचा नट काढा, सुरुवातीची धार वाहू द्या आणि मधल्या धारेतून स्वच्छ बाटलीत नमुना भरा. प्रयोगशाळेकडून १०० अंशांवरील घट्टपणा, पेट्रोलचे प्रमाण आणि झिजेतून ऑइलमध्ये उतरलेल्या लोखंड, तांबे, शिसे यांचे आकडे मागवावेत. घट्टपणा १२.५ च्या खाली गेलेला असेल, तर ते ऑइल ४० ग्रेडचे उरलेले नाही आणि ऑइल बदलण्याचे आपले अंतर कमी करायला हवे. तो अहवाल हाती येईपर्यंत वर्षात दोनदा बदलावे, आणि त्यातला एक बदल ट्रॅक डेहून परतल्यावर लगेच करावा.

मिस्त्री_कोल्हापूर:

जुना फिल्टर फेकू नका. तो कापून आतला कागद उलगडा आणि उन्हात तिरका धरून पाहा. चकाकणारी बारीक पूड दिसली, तर ऑइलचा विचार बाजूला ठेवून आधी बेरिंग तपासायला गाडी घेऊन या.