आर्किकॅडसाठी कार्यालयाची सामायिक ऑब्जेक्ट लायब्ररी कशी उभारावी?

प्रश्न

नमस्कार. पुण्यातील आमच्या वास्तुरचना कार्यालयात आठ जण आर्किकॅडवर (इमारतींचे नकाशे व त्रिमितीय मॉडेल करण्याच्या सॉफ्टवेअरवर) काम करतात. दोघांकडे मॅक आहे, बाकीच्यांकडे विंडोज. गेल्या काही वर्षांत प्रत्येकाने आपापल्या सोयीने ऑब्जेक्ट्स (मॉडेलमध्ये बसवायच्या तयार वस्तू) तयार केली किंवा उतरवून घेतली आणि ती आपल्याच संगणकावर ठेवली. कडप्प्याचा ओटा, ग्रिलसह सरकती खिडकी, देवघर, माळा अशा आपल्या घरांत हमखास लागणाऱ्या गोष्टींच्या तीन-तीन आवृत्त्या आमच्याकडे आहेत आणि त्यांतली कोणती वापरायची हे कोणालाच खात्रीने सांगता येत नाही. मागच्या महिन्यात एक सहकारी सुटीवर असताना त्याची फाइल मी माझ्या संगणकावर उघडली, तर दक्षिणेकडच्या भिंतीत खिडक्यांच्या जागी नुसते काळे ठिपके होते, कारण त्यांची ऑब्जेक्ट्स त्याच्याच संगणकावर होती. ठेकेदाराला त्याच दुपारी खिडक्यांची यादी हवी होती. ती जुन्या छापील नकाशावरून मोजून द्यावी लागली. सर्व्हरवर एक फोल्डर करून सगळे त्यात टाकले तर पुरेल का?

पहिले उत्तर

एवढ्याने भागणार नाही, उलट गोंधळ एका ठिकाणी जमा होईल. प्रत्येक ऑब्जेक्ट एका जीएसएम फाइलमध्ये असते. त्या फाइलच्या पोटात एक ओळखक्रमांक असतो आणि फाइलचे नाव बदलले तरी तो बदलत नाही. त्यामुळे एखाद्या खिडकीची फाइल एक्सप्लोररमध्ये कॉपी करून, तिला नवे नाव देऊन कोणी तिच्यात फेरफार केले असतील, तर आपल्याला वेगळी वाटणारी ती दोन ऑब्जेक्ट्स आर्किकॅड दुबार धरते. वेगळे ऑब्जेक्ट हवे असेल तेव्हा ते आर्किकॅडमध्येच उघडून ‘सेव्ह ॲज’ करावे, म्हणजे त्याला नवा क्रमांक मिळतो.

म्हणून आधी निवड करा. आठही जणांनी एका टेबलाशी बसून प्रत्येक वस्तूची एकच आवृत्ती ठरवावी. त्यात दोन दिवस गेले तरी ते सत्कारणी लागतील. त्यानंतर फोल्डरमध्ये लिहिण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे ठेवावा, बाकीच्यांना तो केवळ वाचता यावा. विंडोजच्या सर्व संगणकांवर त्या ड्राइव्हचे अक्षरही एकच असू द्या, म्हणजे लायब्ररीचा पत्ता सगळीकडे सारखा राहील.

दुसरे उत्तर

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण खरा धोका पुढे आहे. आमच्याकडे एकाने सामायिक लायब्ररीतील खिडकीच्या स्क्रिप्टमध्ये (ऑब्जेक्ट कसे काढायचे ते सांगणाऱ्या कोडमध्ये) चौकटीची जाडी ६० मिमीवरून ४० मिमी केली. ऑब्जेक्टची मूळ मूल्ये बदलली तर आधी ठेवलेल्या प्रती तशाच राहतात; परंतु स्क्रिप्ट बदलली की ते ऑब्जेक्ट जिथे जिथे ठेवले आहे तिथे तिथे चित्र बदलते. ज्या इमारतीचे काम निम्म्यावर आले होते तिचे तपशील नकाशे पुन्हा छापले, तेव्हा ते आधी दिलेल्या नकाशांशी जुळेनात, आणि फाइलला तर कोणी हात लावलेला नव्हता. कारण सापडेपर्यंत सबंध दिवस गेला.

तेव्हापासून आम्ही दरवर्षी लायब्ररीचा एलसीएफ कंटेनर (सगळी ऑब्जेक्ट्स एकत्र बांधलेली एकच फाइल) बनवतो आणि त्याच्या नावात वर्ष घालतो. कंटेनरमधील ऑब्जेक्ट जागच्या जागी बदलता येत नाही, त्यासाठी तो आधी उलगडावा लागतो. ही अडचण आम्हाला फायद्याचीच ठरली. प्रकल्प ज्या कंटेनरवर सुरू झाला त्यावरच संपतो. संपल्यावर वापरलेल्या सर्व ऑब्जेक्ट्ससह प्रकल्पाची पीएलए (संग्रह) फाइल करून ठेवतो, म्हणजे पुढे कधीही ती उघडली तरी काही गहाळ होत नाही. शिवाय नेटवर्कवरून हजारो सुट्या फाइली वाचण्यापेक्षा एक कंटेनर लवकर उघडतो.

तिसरे उत्तर

टीमवर्कमध्ये (एकाच प्रकल्पावर अनेकांनी एकाच वेळी) काम करत असाल तर हाच कंटेनर बिमक्लाउडवर (त्यासाठीच्या सामायिक सर्व्हरवर) चढवा. मॅक आणि विंडोजच्या वेगवेगळ्या पत्त्यांचा प्रश्नच उरत नाही.

ऑब्जेक्ट घेताना त्याचे वजनही पाहावे. उत्पादकांच्या संकेतस्थळांवरून उतरवलेल्या नळांत प्रत्येक वळणाचे बारीक पैलू असतात. ६४ सदनिकांत प्रत्येकी ३ असे नळ बसवले की त्रिमितीय दृश्य हलेनासे होते आणि १:१०० च्या नकाशावर त्यातले काहीच दिसत नाही. नळ साधाच ठेवावा आणि मेहनत ओट्यावर घ्यावी. आमच्या ओट्याला लांबी, रुंदी, उंची, सिंकची बाजू आणि दगडाची जाडी हे पाचच पॅरामीटर (बदलता येणारी मूल्ये) आहेत. घरातील स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला विचारून उंची ८०० की ८५० मिमी ते ठरवतो आणि तेवढा एक आकडा बदलतो. त्यामुळे ओट्याची दुसरी फाइल करण्याची वेळ अजून आलेली नाही.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. सोमवारी खिडक्यांपासून निवड सुरू करत आहोत. चालू असलेल्या चार प्रकल्पांना धक्का न लावता नवा कंटेनर पुढच्या प्रकल्पापासूनच जोडायचा, असे ठरले आहे.