मदत हवी आहे: मंडळी (चर्च, म्हणजे ख्रिस्ती विश्वासणारे) महासंकटाआधी उचलली जाईल की नंतर?

बंधुभगिनींनो, रॅप्चर, म्हणजे मंडळीला स्वर्गात उचलून घेणे, हे महासंकटाआधीच (शेवटच्या काळातील मोठ्या संकटाआधीच) होणार, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. त्याला आधार दिला जातो बायबलमधील प्रकटीकरण ३:१० चा, परीक्षेच्या घटकेपासून राखण्याच्या वचनाचा. पण योहान १७:१५ मध्येही मूळ ग्रीकमध्ये ‘राखणे’ हाच शब्दप्रयोग आहे. तिथे तर येशू पित्याला प्रार्थनेत स्पष्ट म्हणतो, शिष्यांना जगातून काढून घे अशी माझी विनंती नाही! मग राखणे म्हणजे संकटाबाहेर नेणे, की संकटातच सांभाळणे? मत्तय २४:२९-३१ मध्येही निवडलेल्यांना गोळा करणे संकटानंतरच येते. (ते निवडलेले म्हणजे फक्त इस्राएल, हे उत्तर मला पटत नाही.) महासंकटाआधीचे मत मानणाऱ्यांनो, योहानातले हे वचन तुम्ही कसे समजून घेता? कृपया वचनांसह सांगा, प्रार्थनेला बसलो तरी हाच प्रश्न मनात येतो.