सीवूड्सजवळचं छोटं ग्रीक हॉटेल: सहा जणांनी काय आणि किती मागवावं?

नेरूळकर:
नमस्कार मंडळी. घराजवळ आठ-दहा टेबलांचं ग्रीक हॉटेल सुरू झालंय. शनिवारी रात्री सहा जण जाणार आहोत. चौघं मांसाहारी, आई शाकाहारी आणि अंडंही खात नाही, सासऱ्यांना ब्लडप्रेशर. दारू सोडून माणशी बाराशेपर्यंत खर्च चालेल. प्रत्येकाने आपापली डिश मागवायची की मध्ये ठेवून खायचं? आणि आईसाठी नक्की काय?

खाडीपलीकडचा:
मध्ये ठेवूनच खा. मेझे म्हणजे छोट्या प्लेटा, एकामागून एक येणाऱ्या, सगळ्यांनी वाटून घ्यायच्या. सहा जणांनी सहा मेन कोर्स सांगितले की सगळं एकदम येतं, टेबलावर जागा उरत नाही आणि निम्मं गार होतं.

पहिल्या फेरीत दोन डिप, एक मोठं ग्रीक सॅलड, दोन गरम प्लेटा आणि चार पिटा, म्हणजे चपटे पाव. ते संपत आलं की दुसरी फेरी: चिकन सुव्लाकीची (सळईवर भाजलेले तुकडे) एक मोठी प्लेट, एक मुसाका (वांगी-खिम्याचे भाजलेले थर), भाजीचा किंवा बीन्सचा एक पदार्थ. गोड दोनच मागवा, चमचे सहा. पिटा लागेल तसा मागवत राहा, गार झाला की चिवट होतो. सागानाकी, म्हणजे पिठात घोळवून तळलेला चीजचा जाड तुकडा, सगळे टेबलाशी बसल्यावरच सांगा. तो आल्या आल्या लिंबू पिळून खायचा, निवला की घट्ट होऊन दातांत चिकटतो.

स्वयंपाकघर कसं आहे ते त्झात्झिकीवरून, म्हणजे दही-काकडीच्या डिपवरून कळतं. दही श्रीखंडाच्या चक्क्याइतकं घट्ट हवं. चमच्याने खाच पाडा. खाचेत पाणी जमलं तर काकडी किसून, मीठ लावून, पिळून घेतलेली नाही. सॅलडमध्ये टोमॅटो, काकडी, कांदा, ढोबळी मिरची, ऑलिव्ह, वर फेटा चीजची अख्खी वडी, ओरेगानो आणि ऑलिव्ह तेल. लेट्यूस नसतं. तळाशी जो रस साचतो तो पावाने टिपून खा, सॅलडचा सगळ्यात चविष्ट भाग तोच.

मेनू हमस, फलाफल आणि शवर्मानेच भरलेला असेल तर तो आचारी लेबनीज हाताचा. त्याच्याकडे तेच मागवा, मुसाका नको.

सानपाडा_शाकाहारी:
आईंसाठी अंडं कुठे लपलेलं असतं ते आधी पाहा. स्पानाकोपितात, म्हणजे पातळ पापुद्र्यांच्या पायमध्ये, पालक-फेटाचं सारण बांधून राहावं म्हणून बहुतेक वेळा अंडं घालतात. मुसाकाच्या वरच्या पांढऱ्या सॉसमध्ये अंडं असतं, त्यामुळे खिमा नसलेला ‘व्हेज’ मुसाकाही आपोआप चालत नाही. आवगोलेमोनो म्हणजे अंडं-लिंबाचं सॉस. ते गरम दोलमाडेसवर (द्राक्षाच्या पानांत सारण भरून केलेल्या गुंडाळ्या) ओततात आणि त्या दोलमाडेसमध्ये बहुधा खिमाही असतो. गार, तेलातले, नुसत्या भाताचे दोलमाडेस मागवा. तारामासलाता गुलाबी डिप दिसतं, पण ते माशाच्या अंड्यांचं असतं. गोडात गालाक्तोबुरेको नको, त्यात अंड्याचं कस्टर्ड. बकलावा किंवा दही-मध-अक्रोड घ्या.

ग्रीक ऑर्थोडॉक्स उपासाच्या पदार्थांत मांस, दूध, अंडं काहीच नसतं. पण त्या उपासाला कोळंबी, माकुल आणि ऑक्टोपस चालतात! त्यामुळे वेटर ‘उपासाचं’ म्हणाला म्हणून निर्धास्त होऊ नका.

फेटाबद्दलही विचारा. युरोपात 2002 पासून हे नाव ग्रीसमधल्या ठरावीक भागांतल्या चीजलाच वापरता येतं. त्यात किमान 70 टक्के दूध मेंढीचं, उरलेलं शेळीचं. दूध जमवायला प्राणिजन्य रेनेट, म्हणजे जनावराच्या पिल्लाच्या जठरातून काढलेला पदार्थ, वापरलेलं असू शकतं. आईंना ते चालत नसेल तर पाकीट दाखवायला सांगा आणि हिरवा ठिपका बघा.

नेरूळकर:
खूप उपयोगी माहिती. मुसाका बिनअंड्याचा करून मिळेल का? आणि सासऱ्यांना मीठ कमी कसं करायचं?

कढई_ते_ओव्हन:
ऐनवेळी नाही मिळणार. मुसाका मोठ्या ट्रेमध्ये थर लावून आधीच भाजलेला असतो: वांगी, खिमा, वर बेशामेल म्हणजे तोच पांढरा सॉस. हे सॉस मुसाकावर रूढ केलं ते निकोलाओस त्सेलेमेंतेस या शेफने, 1920च्या दशकात. ट्रे ओव्हनमधून काढून बराच वेळ निवू द्यावा लागतो, लगेच कापला तर थर घसरतात. म्हणून तो वाफाळता नसला तरी शिळा समजू नका. स्पानाकोपिताचंही तसंच, सारण आधीच कालवलेलं असतं. बिनअंड्याचं हवं असेल तर आदल्या दिवशी फोन करून विचारा. जागेवर बदल होतो तो सॅलडमध्ये आणि निखाऱ्यावरच्या भाज्यांमध्ये.

आईंसाठी गिगान्तेस आवर्जून मागवा. मोठे पांढरे बीन्स रात्रभर भिजवून, उकडून, मग टोमॅटोत भाजलेले. बीन्स मऊ व्हायच्या आधीच टोमॅटो घातला तर आंबटपणामुळे साल कडक राहते आणि आत पिठूळ लागतं. तसे आले तर बिनधास्त परत करा. हे आणि ब्रियाम, म्हणजे भरपूर तेलात भाजलेल्या भाज्या, कोमटच वाढतात. तसेच खा, चव जास्त कळते.

मिठाचं म्हणाल तर फेटा आणि ऑलिव्ह दोन्ही खारवलेले असतात, त्यात सागानाकीची भर. सासऱ्यांच्या वाटणीचं सॅलड फेटा आणि ऑलिव्हशिवाय, तेल-लिंबू बाजूला असं सांगा. सुव्लाकी आधीच मुरवलेली असते, तिचं मीठ कमी होत नाही. त्यांच्यासाठी मासा भाजायला घालण्याआधीच सांगून ठेवा, वरून तेल-लिंबू पुरतं.

घोडबंदर_रोड:
बिलाचं गणित आधी करून ठेवा. सहा जणांचे 7,200 हवे असतील तर मेनूतल्या किमतींची बेरीज 6,850च्या आत ठेवा, कारण 5 टक्के जीएसटी वर लागतो. सेवाशुल्क लावलं असेल तर ते देणं ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. शांतपणे ‘हे काढून द्या’ म्हणा. ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन 1915.

कोणी ऊझो (बडीशेपेच्या चवीची ग्रीक दारू) घेणार असेल तर आधी पाणी, मग बर्फ. बडीशेपेसारखा वास देणारं तेल पाणी पडताच दुधाळ होतं, ते ठीकच. बर्फ थेट टाकला तर त्या तेलाचे कण जमतात.

शेवटी ग्रीक कॉफी घेतलीत तर साखर ऑर्डर देतानाच सांगा, कारण ती कॉफीबरोबरच उकळतात: स्केतो बिनसाखरेची, मेत्रिओ मध्यम, ग्लिको गोड. कप आल्यावर ढवळू नका, गाळ खाली बसू द्या आणि तळाचा घोट सोडून द्या.