अनुभव धागा: रोजच्या पिशवीत कुठला कॅमेरा, आणि ठरवून निघताना काय काय?

माळ्यावरची_मैना
आवराआवरीत बाबांचा याशिका इलेक्ट्रो ३५ सापडला. ४५ मिमीची एकच लेन्स, बदलायची सोयच नाही. दादाची मुंज, जेजुरीचा भंडारा, सगळं त्यावरच काढलंय. आणि मी परवा भाचीच्या बारशाला जाताना अर्धा तास लेन्स निवडत बसले! शेवटी ३५ मिमी उचलली (माझा क्रॉप सेन्सर, म्हणजे छोटा, त्यामुळे ती ५२ च्या आसपासची वाटते). तुम्ही काय नेता? लिहा.

रानवेडा
ताडोबा. दोन बॉड्या, एकीवर लांबच्या प्राण्यांसाठी १५०-६०० मिमीची झूम, दुसरीवर जवळच्यासाठी २४-७०. त्या धुळीत लेन्स बदलली की सेन्सरवर ठिपके आलेच. ट्रायपॉड नको, जिप्सीत त्याचे पाय पसरणार कुठे? कॅमेरा टेकवायला रिकामी बीनबॅग न्यायची, तांदूळ तिथे घेऊन भरायचे.

रस्साभाकरी
कोलम की आंबेमोहोर 😄

रानवेडा
रेशनचे. येताना स्वयंपाकघरात देऊन टाकतो.

घाटवाट
ट्रायपॉड नको म्हणणाऱ्यांनी हरिश्चंद्रगडावर रात्रीच्या एका फोटोसाठी वीस सेकंद कॅमेरा न हलवता हातात धरून दाखवावा. तोलारखिंडीतून चढताना शिव्या घालतो त्याला, पण नेतो. आधी पाणी, मग ट्रायपॉड, उरलेल्या जागेत रुंद दृश्यासाठी एक वाइड लेन्स. लांबचं जवळ आणणारी टेली घरी.

जुनी_रिळं
मैनाताई, इलेक्ट्रोचा मूळ मर्क्युरी सेल आता मिळत नाही. ६ व्होल्टचा ४एलआर४४ घ्या, उरलेल्या जागेत स्प्रिंग बसवा. सेल नसेल तर शटर १/५०० सेकंदावरच चालतं, बाबांना विचारा.

माळ्यावरची_मैना
बाबा नाहीत आता. पण सेल घालून बघते, थँक्यू काका.

जुनी_रिळं
अरेरे, माफ करा ताई. रोल घालायच्या आधी आतला स्पंज बघा, चिकट झाला असेल तर उजेड शिरतो.

दिवेघाट
वारीत ३५ आणि खिशात जादा बॅटरी, बास. त्या गर्दीत बॅग उघडायला जागा नसते. शिवाय लांबून मोठं नळकांडं रोखलं की माणसं तोंड फिरवतात. छोटा कॅमेरा असला की माउली म्हणत स्वतःच उभी राहतात, वर पत्ता देतात फोटो पाठवायला. फोटो पाठवा बरं का, नुसते काढू नका. कुकर लावलाय, बाकी नंतर लिहिते.

डोंबिवली_फास्ट
लोकलमध्ये फोन. विषय संपला. पण पावसाळ्यात घरातल्या लेन्स हवाबंद डब्यात ठेवा, सिलिका जेल टाकून. निळे दाणे गुलाबी झाले की बदला, नाहीतर बुरशी.

घाटवाट
भिगवणला पक्ष्यांसाठी ४०० मिमी लागेल का? ३०० आहे.

रानवेडा
पुरते. नावाडी बोट बऱ्यापैकी जवळ नेतो. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उडवायला लावू नका त्याला, प्लीज.

रस्साभाकरी
आणि परत येताना मासळीची थाळी! रविवारी कोण येतंय? पहाटे चारला हडपसरहून निघू, गाडीत दोन जागा आहेत.

घाटवाट
मी. ट्रायपॉड आणू का?

रस्साभाकरी
तो आणलास तर एकच जागा उरते रे